शोकाच्या आणि निःशब्दतेच्या काळातली उपासना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शोक झालेल्या घरी जाऊन बसणं, हे काम मी आमच्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) बरीच वर्षं करतो आहे. तिथे, आणि नंतर फोनवर किंवा चिठ्ठीतून, फिरून फिरून तेच प्रश्न येतात. बहुतेक वेळा अर्धवट, गळा दाटलेल्या आवाजात. ते इथे एकत्र केले आहेत. सगळं एका बैठकीत वाचायची गरज नाही. दुःखात दोन पानंसुद्धा वाचवत नाहीत हे मला ठाऊक आहे, म्हणून ज्याला जो प्रश्न पडला असेल त्याने तेवढाच वाचावा.

१. घरातलं माणूस गेल्यापासून प्रार्थना करावीशीच वाटत नाही. माझा विश्वास संपला का?

नाही. शोक मनावर येतो तसा शरीरावरही येतो. झोप उडते, जेवण जात नाही, वाचलेली ओळ डोक्यात राहत नाही. अशा माणसाला प्रार्थनेत लक्ष लागत नसेल तर त्यात त्याच्या विश्वासाचा काय दोष?

१ राजे १९ मधला एलीया आठवा. तो रानात एका झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागतो आणि तिथेच झोपी जातो. देव त्याला उपदेश करत नाही, ‘तुझा विश्वास कुठे गेला’ असंही विचारत नाही. देवदूत त्याला हलवून उठवतो आणि ‘ऊठ, खा’ म्हणतो. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी असतं. एलीया खातो, पितो, पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो, तेव्हाही खायलाच घालतो. होरेब पर्वत, तिथलं देवाशी बोलणं, पुढची कामगिरी, हे सगळं त्यानंतरचं आहे.

म्हणून पहिल्या आठवड्यात मी कोणालाच ‘प्रार्थना करता ना?’ असं विचारत नाही. ‘जेवलात का?’ एवढंच विचारतो.

२. आपलं माणूस प्रभूजवळ गेलं, मग ख्रिस्ती माणसाने रडायचं कशाला? हे अविश्वासाचं लक्षण नाही का?

हे वाक्य शोकसभांमधून इतकं ऐकू येतं की लोकांना ते बायबलमधलंच वाटतं. प्रेषित पौलाने १ थेस्सलनीकाकर ४:१३ मध्ये लिहिलं आहे ते असं, की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक तुम्ही करू नये. शोकच करू नका, असं तो कुठेही म्हणत नाही.

आणि आपल्यापुढे प्रभूचंच उदाहरण आहे. योहानाच्या ११व्या अध्यायात लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले आहेत. थोड्याच वेळात आपण त्याला हाक मारणार आणि तो बाहेर येणार, हे येशूला माहीत आहे. तरी लाजराच्या बहिणीला, मरीयेला, आणि तिच्याबरोबरच्या लोकांना रडताना पाहून तो व्याकूळ होतो. ‘येशू रडला.’ पुनरुत्थान काही पावलांवर असताना जो रडला, त्याच्या शिष्यांना रडायची बंदी कोण घालणार? पहिल्या मंडळीनेही तेच केलं. हुतात्मा झालेल्या स्तेफनाला पुरताना भक्तिमान माणसांनी मोठा विलाप केला, असं प्रेषितांची कृत्ये ८:२ मध्ये लिहिलं आहे.

३. मला देवाचा खूप राग येतो. त्याला तसं बोललं तर पाप लागेल?

बोला. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यांतली सुमारे एक तृतीयांश विलापाची किंवा तक्रारीची आहेत. म्हणजे देवाच्या लोकांनी आपल्या गीतांच्या पुस्तकात तक्रारीला हक्काची जागा दिली. स्तोत्र १३ च्या पहिल्या दोनच ओव्यांत ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो. स्तोत्र ४४ तर देवाला ‘जागा हो, का झोपलास?’ असं विचारतं.

ईयोबाच्या पुस्तकाचा शेवट मला या बाबतीत फार महत्त्वाचा वाटतो. मुलंबाळं, सगळंच गमावलेला ईयोब पुस्तकभर देवाशी भांडतो. त्याचे मित्र पुस्तकभर देवाची बाजू मांडतात, आणि वरवर पाहता त्यांची वाक्यं धार्मिक वाटतात. पण शेवटी, ४२:७ मध्ये, देवाचा कोप त्या मित्रांवर भडकतो. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला, तसे तुम्ही बोलला नाहीत, असं देव त्यांना सांगतो.

राग देवाकडे नेणं आणि रागाने देवाकडे पाठ फिरवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जो भांडायला समोर उभा राहतो तो अजून नात्यात आहे.

४. विलापाची स्तोत्रं वाचायची तर सुरुवात कुठून करू? स्वतःचं लिहिता येतं का?

सुरुवात स्तोत्र १३ पासून करा. सहाच ओव्या आहेत, दोन मिनिटांत वाचून होतं. मग ४२, ७७, १३०. बावीसावं थोडं मागे ठेवा. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ ही त्याची पहिली ओळ, प्रभूने वधस्तंभावर उच्चारलेली. ते सावकाश वाचावं लागतं.

अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र मात्र मुद्दाम सांगून ठेवतो. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी कुठेतरी भरवशाकडे वळतात, हे वळत नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच ‘अंधार’ असा आहे. काहींना ते वाचून भीती वाटते. पण ज्यांची रात्र सरलेली नाही, त्यांच्यापैकी कितीतरी जणांनी मला सांगितलं की आपल्याला सोबत केली ती याच स्तोत्राने. ज्यांनी स्तोत्रसंहिता संकलित केली त्यांनी याच्या शेवटाला आशेची ओळ जोडली नाही. ते होतं तसंच देवाच्या मंदिरात म्हटलं जाऊ दिलं.

विलापगीत हे छोटं पुस्तकही जवळ ठेवा. यरुशलेमेच्या नाशानंतरचं हे रडणं आहे. पाच अध्याय, आणि त्यांतले पहिले चार हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांच्या क्रमाने रचलेले आहेत. दुःख अनावर झालं की माणूस धरायला काहीतरी शोधतो. त्या कवीने अक्षरांचा क्रम धरला. पाचव्या अध्यायात २२ ओव्या आहेत, पण अक्षरांचा क्रम नाही. तो सुटला आहे.

स्वतःचं लिहायचं तर चारच गोष्टी लागतात: देवाला हाक, काय झालं ते, काय हवं ते, आणि जमलं तर भरवशाचं एखादं वाक्य. चौथी गोष्ट जमली नाही तर सोडून द्या. एका बाईंनी औषधांच्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहिलेलं मला वाचायला दिलं होतं. ‘देवा, त्याच्या चपला अजून दाराशीच आहेत. मी त्या उचलू का?’ एवढंच होतं. मला ते पूर्ण स्तोत्र वाटलं.

५. डोळे मिटले तरी शब्दच येत नाहीत. नुसतं गप्प बसणं ही प्रार्थना असते का?

असते. रोमकरांस पत्र ८:२६ मध्ये पौल सांगतो की प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही, तेव्हा पवित्र आत्मा स्वतः शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. १ शमुवेल १ मध्ये मूल मागणाऱ्या हन्नाची प्रार्थनाही ओठांच्या हालचालीपुरतीच होती, आवाज नव्हता. एली याजकाला वाटलं, बाई प्यायली आहे. पण देवाने ऐकलं.

आता ‘नुसतं बसायचं’ म्हणजे नेमकं काय करायचं, हेही लोक विचारतात. मी एवढंच सुचवतो: रोज एक ठरावीक जागा आणि पाच मिनिटं. मेणबत्ती लावावीशी वाटली तर लावा. श्वास आत घेताना मनात ‘प्रभू’ म्हणा, सोडताना ‘दया कर’. मध्येच रडू आलं तर येऊ द्या, आणि मन भरकटलं तर कसलाही हिशेब न मांडता त्याच दोन शब्दांवर परत या. पाच मिनिटं झाली की उठा, जास्त ताणू नका. आरंभीच्या काळात लांबलेली शांतता दुःखाला उकरत बसते.

शांतता अंगावर येत असेल, एकटं बसलं की त्याच त्या प्रसंगाची दृश्यं डोळ्यांपुढे येत असतील, तर हा मार्ग सध्या बाजूला ठेवा. कोणीतरी शेजारी बसून स्तोत्र मोठ्याने वाचलेलं ऐका. डॉक्टर किंवा समुपदेशकाशीही बोला. त्याने विश्वासाला कमीपणा येत नाही.

६. प्रभूच्या प्रार्थनेत ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हणवत नाही. ते वाक्य गाळलं तर चालेल का?

माझे वडील गेले तेव्हा मी तीन महिने तिथे अडकलो होतो. ‘तुझे राज्य येवो’ इथपर्यंत आवाज यायचा. पुढचं वाक्य आलं की जीभ जड व्हायची आणि बाकीची मंडळी पुढे निघून जायची. मी ‘रोजची भाकर’ला त्यांना पुन्हा गाठायचो. कोणाला कळलं नसावं. शेजारी बसणाऱ्या एका वयस्कर काकांना मात्र कळलं होतं. काही न बोलता ते तेवढं वाक्य जरा मोठ्याने म्हणू लागले, जणू दोघांच्या वाटणीचं.

त्यामुळे माझं उत्तर: चालेल. सामुदायिक प्रार्थना ‘आमच्या’ पित्याला उद्देशून आहे. जे वाक्य आज तुम्हाला उचलत नाही ते शेजारचा उचलतो. गेथशेमाने बागेत प्रभूलाही हे वाक्य एका दमात म्हणता आलं नाही. हा प्याला टळू दे, असं तो आधी म्हणाला, आणि मत्तय सांगतो की तीन वेळा जाऊन त्याने तीच प्रार्थना केली.

एक खुलासा करतो. ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ याचा अर्थ ‘जे घडलं ते सगळं देवालाच हवं होतं’ असा होत नाही. देवाची इच्छा पृथ्वीवर अजून पूर्ण होत नाही, म्हणून तर ती व्हावी अशी विनवणी आपण करतो.

७. चर्चमध्ये टाळ्या वाजवून स्तुतिगीतं सुरू झाली की सहन होत नाही. काही दिवस घरीच राहू का?

काही रविवार घरी राहिलात तर देव तुमची गैरहजेरी मांडत नाही. मात्र पूर्ण तुटू नका, कारण शोकात एकटेपणाची सवय फार लवकर लागते आणि मोडता मोडत नाही. मधल्या वाटा आहेत. मागच्या बाकावर दाराजवळ बसा. गाणी संपल्यावर, वचनाच्या वेळी आत या. सकाळची छोटी, कमी गर्दीची उपासना असेल तर तिला जा. एका विश्वासू माणसाला आधीच सांगून ठेवा, म्हणजे उठून बाहेर गेलात तरी कोणी मागे धावणार नाही.

गायलंच पाहिजे असं काही नाही. आमच्याकडे एक आजी नवरा गेल्यावर दर रविवारी यायच्या, गीतपुस्तक उघडायच्या आणि चालू असलेल्या कडव्यावर अंगठा ठेवायच्या. कडवं बदललं की अंगठा खाली सरकायचा. तोंड मिटलेलं. असं कित्येक महिने चाललं. मग एका रविवारी, नुसत्या धृपदाला, त्यांचे ओठ हलताना दिसले. त्या अंगठ्याची उपासना आमच्या गाण्यापेक्षा कमी होती असं मला कधीच वाटलं नाही.

उपासना चालवणाऱ्यांनीही एवढं ध्यानात घ्यावं: ‘हसा, प्रभूच्या घरात आनंद करा’ असं माइकवरून सांगू नका. समोर कोण काय घेऊन बसलं आहे, तुम्हाला दिसत नाही.

८. मी महिनोन्‌महिने विनवतोय, आणि देव गप्प आहे. का?

याचं कारण मी देऊ शकत नाही, आणि जो पटकन कारण देतो त्याच्यापासून जरा सांभाळून राहा असंच मी म्हणेन. ईयोबाला ३८व्या अध्यायात देवाने वावटळीतून उत्तर दिलं, पण त्याच्या ‘का’ला दिलं नाही. देव आला, बोलला, समोर उभा राहिला. ईयोबाला तेवढं पुरलं. कारण त्याला शेवटपर्यंत सांगितलं गेलं नाही.

काय सांगता येईल, तर ही वाट तुमच्याआधी बरेच जण चालून गेले आहेत. सोळाव्या शतकात क्रूसाच्या संत योहानाला त्याच्याच संघातल्या लोकांनी टोलेडोमध्ये नऊ महिने कोंडून ठेवलं. त्या कोठडीत त्याने कविता रचल्या, आणि ‘आत्म्याची अंधारी रात्र’ हा शब्द ख्रिस्ती परंपरेला त्याच्याकडून मिळाला. मदर तेरेसा १९९७ मध्ये वारल्या. त्यांची खासगी पत्रं २००७ मध्ये छापून आली तेव्हा जगाला कळलं की जवळजवळ ५० वर्षं त्यांना प्रार्थनेत देवाचं सान्निध्य जाणवत नव्हतं. ती बाई रोज पहाटे उठून प्रार्थनेला बसत होती, आणि आत सगळं कोरडं होतं. हे वाचून काहींना धक्का बसला. मला फार धीर आला.

देवाच्या मौनाचा अर्थ त्याची गैरहजेरी, असा आपण लगेच लावतो. जवळच्या माणसाच्या मौनाचा अर्थ आपण नेहमी तसा लावतो का? शोक झालेल्या घरात सगळ्यात जवळचा माणूस बऱ्याचदा काहीच न बोलता बसलेला असतो.

९. गुड फ्रायडे आणि ईस्टरच्या मधल्या शनिवारी मंडळी नेमकं काय करते?

खरं तर काहीच नाही, आणि तेच महत्त्वाचं आहे. कॅथलिक परंपरेत पवित्र गुरुवारच्या उपासनेनंतर वेदीवरची वस्त्रं काढून घेतात. त्या संध्याकाळच्या गौरवगीतापासून ईस्टरच्या जागरण विधीपर्यंत घंटा वाजत नाहीत. शुक्रवारचा विधी शांततेत सुरू होतो. धर्मगुरू काही न बोलता वेदीसमोर पालथे पडतात. शुक्रवारी मिस्सा (भाकर-द्राक्षारसाचा मुख्य विधी) नसते, शनिवारी रात्रीच्या जागरणापर्यंतही नसते. काही मंडळ्या या आठवड्यात अंधाराची उपासना करतात. एकेका वाचनानंतर एकेक मेणबत्ती विझवली जाते, शेवटची लपवली जाते, अंधारात मोठा आवाज होतो, मग ती एकच मेणबत्ती परत आणतात आणि लोक न बोलता घरी जातात.

आपण बहुतेक जण शुक्रवारवरून थेट रविवारी उडी मारतो. शिष्यांना मात्र तो शनिवार पूर्ण काढावा लागला, आणि त्यांना रविवार ठाऊक नव्हता. लूक त्या दिवसाबद्दल फक्त एवढंच सांगतो की स्त्रियांनी आज्ञेप्रमाणे विसावा घेतला. ज्यांच्या घरी नुकताच मृत्यू झाला आहे ते सगळे शनिवारातच राहत असतात. त्या दिवशी चर्चचं दार नुसतं उघडं ठेवलं आणि आत दोन बाक टाकले, तरी ती मोठी सेवा होते.

१०. दुःख किती दिवस करावं? लोक म्हणतात, आता पुरे.

मोशेसाठी इस्राएल लोकांनी ३० दिवस शोक केला, अहरोनासाठीही ३०. योसेफाने याकोबासाठी ७ दिवस शोक केला, आणि त्याआधी मिसरी लोक ७० दिवस रडले होते. ऑर्थोडॉक्स मंडळीत ३ऱ्या, ९व्या आणि ४०व्या दिवशी, नंतर वर्षाने स्मरणप्रार्थना होते. हे दिवस इतरांसाठी आहेत, म्हणजे मंडळीने मधूनमधून परत यावं, विसरू नये. तुमचं दुःख त्या दिवशी संपलंच पाहिजे असा त्यांचा अर्थ नाही.

एकाच माणसाचे दोन शोकही सारखे नसतात. दावीदाचं तान्हं बाळ आजारी असताना तो सात दिवस उपाशी जमिनीवर पडून राहिला. बाळ गेल्यावर उठला, आंघोळ केली, कपडे बदलले, परमेश्वराच्या मंदिरात जाऊन उपासना केली आणि मग जेवला. चाकर चक्रावले. तोच दावीद पुढे अबशालोम गेल्यावर ‘माझ्या पुत्रा, माझ्या पुत्रा’ करत कोसळला, इतका की विजयी सैन्य चोरपावलांनी शहरात शिरलं. दोन्ही शोक त्याचेच होते.

वर्ष उलटूनही रोजचं काम, खाणंपिणं, माणसांत मिसळणं अजिबात जमत नसेल, तर मात्र तज्ज्ञाची मदत घ्या.

११. शोक झालेल्या घरी भेटायला जायचंय. काय बोलू?

कमी बोला. ईयोबाचे तिघे मित्र, अलीफज, बिल्दद आणि सोफर, आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. तिथपर्यंत ते उत्तम मित्र होते. तोंड उघडल्यावर बिघडलं.

टाळायची वाक्यं मी तोंडपाठ सांगू शकतो, कारण ती मला स्वतःला ऐकावी लागली आहेत. ‘देवाला बागेत फूल हवं होतं.’ ‘यातही त्याची योजना आहे.’ ‘तुझा विश्वास मोठा, म्हणून तुला ही परीक्षा.’ पहिलं वाक्य ज्याने ऐकवलं त्याच्या मनात प्रेमच होतं, तरी ते आजही बोचतं. त्यापेक्षा गेलेल्या माणसाचं नाव घ्या. त्याची एखादी आठवण सांगा. ‘मला काय बोलावं सुचत नाही, पण मी आहे’ हे खरं वाक्य आहे. मोठी प्रार्थना करण्याआधी विचारा: प्रार्थना करू, की नुसता बसू? आणि चाळीस दिवसांनी, जेव्हा सगळे थांबलेले असतात, तेव्हा पुन्हा जा.

१२. आम्ही उपासनेत शांततेची वेळ ठेवायचं ठरवलंय. किती वेळ ठेवावी? लोक अस्वस्थ होतात.

सवय नसलेल्यांसाठी एक मिनिटसुद्धा लांब असतं. एका मिनिटाने सुरुवात करा आणि काही महिन्यांत तीनपर्यंत न्या. आधी स्पष्ट सांगा: ‘आता आपण तीन मिनिटं शांत बसू, मी आमेन म्हटलं की थांबू.’ किती वेळ हे माहीत नसलं की लोक शांत बसत नाहीत, वाट पाहतात. मागे हळू वाद्य वाजवू नका, तेवढीही जागा भरायची गरज नाही. लहान मूल रडलं तर रडू द्या.

यात नवीन काही नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या क्वेकर मंडळींची उपासना मुळात शांत बसण्याचीच असते, कोणाला आतून प्रेरणा झाली तरच तो बोलतो. फ्रान्समधल्या तेझे समुदायात (स्थापना १९४०) रोजच्या प्रार्थनेच्या मधोमध मोठी शांतता असते, आणि तिथे गर्दी असते ती तरुणांचीच. प्रकटीकरण ८:१ मध्ये तर स्वर्गातच सुमारे अर्धा तास निःशब्दता पसरते.

१३. गेलेल्या माणसासाठी प्रार्थना करता येते का?

यावर मंडळ्यांमध्ये मतभेद आहे. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स मंडळी मृतांसाठी प्रार्थना करतात. कॅथलिक परंपरेत २ नोव्हेंबर हा सर्व मृत विश्वासणाऱ्यांच्या स्मरणाचा दिवस आहे. बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्या तशी प्रार्थना करत नाहीत. त्या गेलेल्याबद्दल आभार मानतात आणि मागे राहिलेल्यांसाठी मागतात. तुम्ही ज्या मंडळीत आहात तिची रीत पाळा. पण त्याचं नाव तोंडात आलं आणि वाक्य पुढे जाईना, तर घाबरू नका. देवासमोर प्रिय माणसाचं नाव घेतल्याने कोणाचीही शिकवण मोडत नाही.

१४. आमचं बाळ बाप्तिस्म्याआधीच गेलं. काहींनी भीती घातली आहे. त्याचं काय?

ज्यांनी भीती घातली त्यांनी फार वाईट केलं. जो बाळांना जवळ घेऊन ‘त्यांना मना करू नका’ म्हणाला, त्याच्या हाती तुमचं बाळ आहे. कॅथलिक मंडळीच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्रीय आयोगानेही २००७ मध्ये याच प्रश्नावर विचार मांडला, आणि अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत असं म्हटलं. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळाचा अंत्यविधी तिथे होऊ शकतो. बहुतेक इतर मंडळ्यांत तर हा अडथळा मुळात नाहीच.

पोटातच गेलेल्या बाळासाठीही हेच. नाव ठेवायचं असेल तर ठेवा. पाळकांना किंवा फादरना छोटी प्रार्थनासभा घ्यायला सांगा, दोघंच असलात तरी. ‘दुसरं होईल’ असं म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही. राहेल आपल्या मुलांसाठी रडते आणि सांत्वन नाकारते, हे यिर्मयाने लिहिलं आणि मत्तयाने पुन्हा लिहिलं. देवाच्या वचनात ते नाकारणं तसंच ठेवलं आहे.

१५. त्याने आत्महत्या केली. चर्चमध्ये अंत्यविधी होईल का? तो तारला जाईल का?

पूर्वी बऱ्याच मंडळ्या असा विधी नाकारत, आणि त्यामुळे कितीतरी घरांवर दुप्पट घाव झाले. कॅथलिक मंडळीच्या १९८३च्या धर्मनियमांतून ही मनाई गेली. तिची अधिकृत धर्मशिकवण सांगते की तीव्र मानसिक आजार, यातना किंवा भय यांनी माणसाची जबाबदारी कमी होते, आणि अशा माणसाच्या सार्वकालिक तारणाबद्दल आपण निराश होऊ नये. इतर बहुतेक मंडळ्यांतही आज विधी होतो. कोणी नकार दिला तर दुसऱ्या पाळकांकडे, त्यांच्या वरिष्ठांकडे जा.

तारणाचा निवाडा माझ्याकडे नाही, आणि तुमच्या नातेवाइकांकडेही नाही. मरण मागणाऱ्या एलीयाशी देव कसा वागला ते प्रश्न १ मध्ये आहे. त्या गोष्टीचा उत्तरार्ध, म्हणजे उठून पुन्हा चालू लागणं, तुमच्या माणसाला इथे मिळाला नाही. देवाजवळ मिळणार नाही, असं म्हणायचा अधिकार मला कोणी दिलेला नाही.

आणि हे वाचताना तुमच्याच मनात जीव देण्याचे विचार येत असतील, तर आजच, आत्ताच कोणाला तरी सांगा: घरातलं माणूस, डॉक्टर, तुमच्या भागातली आत्महत्या-प्रतिबंध हेल्पलाइन. एकटे राहू नका. प्रार्थना त्यानंतरही करता येईल.

१६. अंत्यविधीला पोहोचता आलं नाही. काहींच्या बाबतीत तर देहच मिळाला नाही. आता काय करायचं?

स्मरण-उपासनेला देह लागत नाही आणि तिला मुदत नसते. वर्षाने करा, दहा वर्षांनी करा. त्याचा फोटो किंवा वापरातली एखादी वस्तू, एक वाचन, एक गीत, थोडी शांतता आणि प्रत्येकाने त्याचं नाव घेणं, एवढं पुरतं. मोशेची कबर कोणाला ठाऊक नाही असं अनुवाद ३४ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे, तरी लोकांनी महिनाभर त्याच्यासाठी शोक केला.

१७. जो गेला त्याने मला आयुष्यभर छळलं. मला रडू येत नाही, सुटल्यासारखं वाटतं. उपासनेत उभं राहून त्याची स्तुती कशी ऐकू?

ऐकायची सक्ती नाही. सुटकेची भावना पाप नाही. मिसराच्या गुलामगिरीतून सुटलेल्या इस्राएल लोकांनी गाणं म्हटलं होतं. क्षमा करायला आज कोणी तुमच्यावर जोर करत असेल तर ‘आज नाही’ म्हणा. क्षमा म्हणजे झालेलं झालंच नाही असं म्हणणं नव्हे, आणि ती दुसऱ्याच्या घड्याळावर होत नाही. पाळकांना आधी भेटून सांगा की भाषणात खोटं कौतुक नको, केवळ वचन वाचा. बहुतेक जण ऐकतात. कधी कधी खूप नंतर अचानक रडू येतं, त्या माणसासाठी नाही, जो बाप किंवा जो नवरा मिळाला नाही त्याच्यासाठी. ते आलं तर प्रश्न ४ मधली स्तोत्रं तुमचीही आहेत.

१८. पाळकांच्याच घरी मृत्यू झाला आहे. रविवारची उपासना त्यांनी चालवावी का?

नको. ते ‘मी करतो’ म्हणतील, बहुतेक म्हणतातच. तरी मंडळीने त्यांना त्या रविवारी बाकावर बसवावं, कुटुंबाबरोबर. योहान बाप्तिस्मा करणाऱ्याचा वध झाल्याचं ऐकल्यावर येशू होडीत बसून एकांती निघाला होता, हे मत्तय १४ मध्ये आहे. लोकांनी पायी पाठलाग केला आणि त्याला तो एकांत मिळाला नाही. त्याने त्यांच्यावर कळवळा केला, हे खरं. पण आपण त्या जमावासारखं वागायला नको. दुसऱ्या मंडळीतल्या पाळकांना बोलवा, नाहीतर वडीलजनांपैकी कोणीतरी वचन वाचा. प्रवचन झालं नाही तरी चालेल. प्रभूची प्रार्थना आली की त्यांच्या शेजारी बसलेल्याने जरा मोठ्याने म्हणावी.